पाचव्या प्रश्नाचं उत्तर

१

मूल्यांकन केंद्रावर त्यांना सगळे शेरेबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. बाकीचे परीक्षक उत्तरपत्रिकेवर गुण टाकून मोकळे होत. या मात्र समासात शेरे लिहीत बसत. 'कोण म्हणतं?' 'हे निवेदकाला कसं कळलं?' 'तो खोटं बोलत असेल तर?' तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात कधीच पडत नाही, गोदामात जाते आणि तिथून रद्दीत, हे पंचवीस वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, त्यातली गत.

विसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी हा त्यांचा पेपर आणि निवेदक हा त्यांचा जीव की प्राण. गोष्टीत काय झालं यापेक्षा ते सांगतंय कोण, कुठे उभं राहून सांगतंय आणि काय गिळून टाकतंय, याचीच त्यांना चौकशी. घराघरांत आणि मनामनांत बिनदिक्कत हिंडणाऱ्या जुन्या सर्वज्ञ निवेदकाला त्या शतकातल्या लेखकांनी कसं हाकलून दिलं, आणि त्याच्या जागी कोपऱ्यात उभं राहून अर्धवट बघणारा, वर बेधडक खोटं बोलणारा माणूस कसा आणून बसवला, हे त्या वर्गात इतक्या रंगून सांगत की मागच्या बाकावरची डुलकी घेणारी मुलंही डोळे उघडत.

हे वेड आईकडून आलेलं. लहानपणी शाळेतली कुठलीही हकिगत सांगायला घेतली की आई मध्येच विचारायची, "पण हे सांगतंय कोण?" आता आई एक्याऐंशीची होती. तीन वर्षांपूर्वी तिची दृष्टी पार गेली. तेव्हापासून कॉलेजातून आल्यावर बाई तिला रोज कादंबरी वाचून दाखवत; हातात इंग्रजी पुस्तक आणि तोंडाने मराठी. आईला दिवसभरात तेवढाच एक विरंगुळा. चार महिन्यांपूर्वी असंच एक पुस्तक एकशे बाराव्या पानावर थांबलं. आधी पेपर काढणं आलं, मग परीक्षा आल्या, मग तपासणी. पानात खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट तिथेच राहिलं. आई संध्याकाळी विचारायची, "आज बसणार का गं?" आणि बाई चपला काढता काढता म्हणायच्या, "आज नाही जमणार, आई." आई "बरं" म्हणायची. तिच्या त्या "बरं"ने बाईंना दरवेळी अपराधी वाटायचं, पण अपराधी वाटलं म्हणून गठ्ठे थोडेच कमी होतात.

२

केंद्राचे नियम कडक. सकाळी दहाला आत शिरताना मोबाइल टोपलीत ठेवायचा. चाळीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सही करून घ्यायचा, आणि एकदा सही केली की तो संपवल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. अर्धा तपासलेला गठ्ठा परत घेत नसत.

चाळीस उत्तरपत्रिका म्हणजे हाताला एक लय येते. डोळे ओळींवर, पेन समासात, आणि पेन डोळ्यांच्या दोन ओळी पुढे. कुठलाही परीक्षक हे कबूल करणार नाही, पण बरोबरची खूण आधी पडते आणि वाचणं तिच्या मागून येतं. शेरेबाईंसारख्या काटेकोर बाईचंही दुपारनंतर असंच व्हायचं.

पाचवा प्रश्न त्यांनी स्वतः काढला होता. 'कोणत्याही एका कादंबरीतला निवेदक कुठे उभा आहे, ते सोदाहरण स्पष्ट करा.' गुण पंधरा. मुलं ठरलेल्या तीन कादंबऱ्यांपैकी एक उचलत आणि गाईडमधली दोन पानं ओकून टाकत. सोमवारी तेविसाव्या उत्तरपत्रिकेत मात्र वेगळंच काही निघालं. कादंबरीचं नाव नव्हतं, लेखकाचं नव्हतं. सुबक, उभट अक्षरात लिहिलं होतं:

'या कादंबरीचा निवेदक रस्त्याच्या पलीकडे उभा आहे. त्याला समोरच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसते. पडद्याच्या दोन कड्या तुटल्या आहेत, म्हणून तो कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवला आहे, एक निळा आणि एक लाल. आत एक आंधळी म्हातारी बसते. निवेदक सर्वज्ञ नाही. उभ्या जागेवरून दिसतं तेवढंच त्याला सांगता येतं. म्हणून त्याला जवळ जायचं आहे.'

पाच खुणा पडून गेल्यावर बाईंनी ते वाचलं आणि त्यांना हसू आलं. त्यांच्या घरचा पडदाही असाच चिमट्यांवर तग धरून होता. निळा आणि लालच. पण जगातले चिमटे काय त्यांनी एकट्यांनीच विकत घेतले होते? खरी बोच दुसरीच होती. ही कादंबरी त्यांनी वाचलेली नव्हती. पंचवीस वर्षं हाच विषय शिकवून एखादा पोरगा आपल्या माहितीबाहेरचं पुस्तक घेऊन येतो, हे त्यांच्या पचनी पडेना. कोणापाशी बोलायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी पंधरापैकी अकरा दिले आणि समासात लिहिलं, 'अंतराचा मुद्दा चांगला.'

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी खिडकीतून सहज पलीकडे बघितलं. बंद दुकानाचं शटर आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल, एवढंच होतं.

३

मंगळवारचा गठ्ठा दुसऱ्या परीक्षा केंद्राचा होता. मुलं वेगळी, अक्षरं वेगळी. सतराव्या उत्तरपत्रिकेत, गिचमिड आणि डावीकडे कललेल्या अक्षरात, पाचव्या प्रश्नाला तीच कादंबरी.

'निवेदक आता जिन्यात आहे. पहिल्या मजल्यापर्यंत चौदा पायऱ्या, पुढे प्रत्येक मजल्याला सोळा. दुसऱ्या वळणावर कठडा हलतो, तिथे हात टेकायचा नाही. दाराचं कुलूप नुसती किल्ली फिरवून उघडत नाही. दार मुठीने किंचित वर उचलावं लागतं. हे निवेदकाने मुलीला करताना पाहिलं आहे. मुलगी घराबाहेर असते. म्हातारीला पावलं ऐकू येतात आणि ती आतून विचारते, आलीस का. निवेदक अजून उत्तर देत नाही.'

सात खुणा. आठवी अर्धवट राहिली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या दाराला उचलावंच लागायचं. पायऱ्या त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या, पण कठडा हलत होता. मनात पाल चुकचुकली, आणि तिला गप्प करायला बुद्धीही लगेच धावून आली. कोणीतरी गाईड लिहिलं असणार, त्यात हे नमुन्याचं उत्तर असणार, आणि सगळ्या केंद्रांवर तेच घोकलं गेलं असणार. गाईड लिहिणारा त्यांच्या इमारतीत येऊन गेलेला एखादा जुना विद्यार्थी असेल. खोडसाळ मुलं काय कमी असतात? सामुदायिक कॉपीचं प्रकरण म्हणून ते वर कळवायला हवं.

ती उत्तरपत्रिका घेऊन त्या मुख्य परीक्षकांच्या टेबलाशी गेल्या. या गृहस्थांना मागून सगळे 'सरासरी' म्हणत, कारण कोणत्याही गठ्ठ्याची प्रश्नामागची सरासरी सातच्या खाली गेलेली त्यांना खपत नसे.

"सर, ही कादंबरी तुमच्या ओळखीची आहे का?"

सरासरींनी चष्मा कपाळावर चढवला, एक पान वाचलं, दुसरं चाळलं. "अहो, ही ना? वाचलीये की. एमएला असताना."

"नाव लिहिलेलं नाही म्हणून विचारलं."

"नाव कशाला लागतं? दोन ओळींत ओळखू येते. तुम्ही वाचली नाहीये?"

"वाचली आहे," बाई म्हणाल्या. म्हणून गेल्या आणि त्यांचे त्यांनाच कान गरम झाल्यासारखे वाटले. "मी कॉपीबद्दल बोलतेय. काल दुसऱ्या गठ्ठ्यातही हेच होतं."

"कालच्यात आणि आजच्यात वाक्य न् वाक्य सारखं आहे?"

"नाही. हे कालच्या पुढचं आहे."

"मग कॉपी कशी? दोघांनी एकच पुस्तक वाचलंय, झालं. वाचणारी मुलं निघाली तर आपण आनंद मानायचा की चौकशी लावायची? माझ्या गठ्ठ्यातही होतं परवा एक. बारा दिले मी." त्यांनी उत्तरपत्रिका परत केली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "वाईट पुस्तक आहे पण. म्हणजे लिहिलंय चांगलं. तेव्हा माझी आई होती. वाचून झाल्यावर मी काही दिवस तिच्या खोलीतच झोपायचो."

ते खरं बोलत होते की मघाशी बाईंनी मारली तशीच थाप मारत होते, हे बाईंना कळेना. बहुधा दोघांनीही न वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन शहाणी माणसं अशी मान डोलवून बोलली, आणि बाईंनी जागेवर येऊन त्या उत्तराला बारा गुण दिले.

४

त्या संध्याकाळी आई पलंगावर टेकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हती अशी टवटवी होती. बाईंनी चहा टाकला.

"आज बरं वाटलं गं," आई म्हणाली. "पण मला सांग, ती पोरगी एवढी निष्ठुर कशी? आईला एकटं टाकून जाते दिवसभर आणि वर तिलाच राग."

"कुठली पोरगी?"

"गोष्टीतली. दुपारी वाचलंस ते."

बाईंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. अर्धवट राहिलेल्या त्या पुस्तकात एक म्हातारा बोटवाला होता, त्याचा भाऊ होता, समुद्र होता. आई आणि मुलगी त्यात कुठेच नव्हत्या.

"आई, मी दुपारी केंद्रावर होते. सहा वाजता येतेय आता."

आईचे न दिसणारे डोळे बाईंच्या आवाजाच्या दिशेने स्थिर झाले. चहा उतू गेला.

"मग डोळा लागला असेल माझा," आई म्हणाली. "स्वप्न पडलं असेल. म्हातारपण, दुसरं काय."

आता गंमत बघा. जी बाई पंचवीस वर्षं खोटं बोलणारे निवेदक पकडायला शिकवत आली, कुठे वाक्य जरा जास्त गुळगुळीत झालं, कुठे सांगणारा नको तितक्या लवकर मागे सरला, हे जिने हजारो मुलांना दाखवून दिलं, तिला घरातलं हे खोटं ऐकू आलं नाही. उलट तिला हायसं वाटलं. स्वप्नच असणार. वय झालंय, डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

आई झोपल्यावर त्यांनी कपाटावरून पुस्तक खाली घेतलं. तिकीट एकशे चाळिसाव्या पानात होतं. आईने चाचपडताना काढून कुठेतरी खुपसलं असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण पुस्तकावर धूळ नव्हती, आणि पलंगाशेजारची खुर्ची, जिच्यावर गेले चार महिने धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला असायचा, ती रिकामी होती. कपडे नीट घड्या घालून कपाटात ठेवलेले होते.

५

बुधवारी सकाळी मदतनीस बाई कामाला आली. ती आठला यायची, आईचं आंघोळपाणी आणि जेवण उरकून बाराला जायची. शेरेबाईंनी तिला विचारलं, "आजचा दिवस संध्याकाळपर्यंत थांबाल का?"

"आज नाही हो जमायचं, पुढचं घर आहे." ती फरशी पुसता पुसता म्हणाली, "आणि तुम्ही येताच की दुपारच्या."

"मी? कधी?"

"काल नाही का जिन्यात भेटलात. बाराला, मी उतरत होते तेव्हा. मी म्हटलं, आज लवकर का, तर तुम्ही नुसत्या हसलात."

"मी काय नेसले होते?"

"आता ते कुठं बघितलं मी. जिन्यात अंधार असतो. तुमच्यासारख्याच तर होतात."

चौथ्या मजल्यावर त्यांच्याच अंगलटीची एक बाई राहत होती. तीच असणार. शेरेबाईंनी हे स्वतःला तीनदा सांगितलं आणि मग आईच्या खोलीत गेल्या. "आई, आज बाई गेल्या की आतून साखळी लाव. कोणी आलं तरी काढू नकोस. मी संध्याकाळी येऊन हाक मारीन तेव्हाच काढ."

"लावते," आई म्हणाली. आई इतक्या मुकाट्याने कधीच कुठली गोष्ट ऐकत नसे. एरवी साध्या औषधाच्या गोळीवरून वाद घालायची.

घरी थांबावं असं बाईंना वाटलं नाही असं नाही. त्यांनी पर्ससुद्धा एकदा खाली ठेवली. पण तपासणीचा शेवटचा दिवस होता, निकालाची तारीख जाहीर झालेली होती, आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? उत्तरपत्रिकेत माझं घर आहे म्हणून? त्या गेल्या. दारात त्यांनी वळून बघितलं तेव्हा आई खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

६

दुपारी दीडला त्यांनी केंद्राच्या कार्यालयातून घरी फोन करायची परवानगी मागितली. कारकुनाने काळं यंत्र त्यांच्याकडे सरकवलं. आईच्या पलंगापासून घरचा फोन सात पावलांवर होता; तिला चाचपडत यायला वेळ लागायचा, निदान बारा-तेरा वेळा तरी घंटी वाजायची.

दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"आई?"

पलीकडे कोणी बोललं नाही. श्वासही ऐकू आला नाही. खोली मात्र ऐकू आली: भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पंख्याची ती नेहमीची कुरकुर. आणि मग दुरून, पलंगाच्या बाजूने, आईचा आवाज आला.

"कोण आहे गं?"

फोन हळूच खाली ठेवला गेला.

बाईंनी पुन्हा नंबर फिरवला. लागला नाही. कारकून म्हणाला, "लाइनीचा घोटाळा असेल मॅडम, सकाळपासून असंच चाललंय." आईने कोणाला तरी आत घेतलं होतं. आणि तिने "कोण आहे गं" असं विचारलं होतं, जसं घरातल्या माणसाला विचारतात.

तेव्हाच निघायला हवं होतं, हे सांगायला निवेदक सर्वज्ञ असावा लागत नाही. त्या निघाल्याही. जागेवर पर्स घ्यायला आल्या. तिथे गठ्ठा पडला होता. अकरा उत्तरपत्रिका उरल्या होत्या.

सरासरी समोरून येत होते. "काय शेरेबाई, संपत आलं की. तीनला गाडी निघते गठ्ठे घेऊन. तुमच्या एकटीचा राहायला नको."

अकरा म्हणजे दीड तास. नको, आज शेरे नकोत, नुसत्या खुणा, तासाभरात संपतील. मदतनीस बाईच परत आली असेल. विसरलेली पिशवी न्यायला आली असेल, फोन तिनेच उचलला असेल, तिला फोनवर बोलायची लाजच वाटते. हे कारण इतकं छान बसलं की बाई खाली बसल्या. पेन घेतलं. त्यांना रडू येत होतं आणि त्या खुणा करत होत्या. दहा झाल्या.

अकराव्या उत्तरपत्रिकेचं अक्षर मोठं, गोल, शाळकरी होतं. पहिले चार प्रश्न सुमार होते. पाचव्यावर त्यांचा हात त्याच वेगाने खाली उतरत गेला, बरोबर, बरोबर, बरोबर, आणि डोळे मागून पोचले.

'निवेदक आता खोलीत आहे. पलंगाशेजारी खुर्ची आहे आणि तो तिच्यात बसला आहे. या निवेदकाबद्दल टीकाकार एक चूक करतात. तो घरात घुसला असं ते म्हणतात. खरं तर म्हातारीने साखळी स्वतःच्या हाताने काढली. खुर्ची रिकामी होती आणि म्हातारीला सोबत हवी होती. मुलीला दीड वाजता सगळं कळलं होतं. तरी तिने उरलेल्या अकरा उत्तरपत्रिका तपासल्या आणि मगच ती उठली.'

शेवटच्या ओळीसमोर त्यांच्याच हाताची लाल खूण होती. शाई अजून ओली होती.

त्यांनी पहिलं पान उलटून बघितलं. पर्यवेक्षकाची सही, शिक्का, परीक्षेची तारीख. सहा आठवड्यांपूर्वीची. त्यांनी ती खूण खोडायला पेन टेकवलं, पण खोडून काय होणार होतं? ओळ खरी होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते, आणि त्यांच्या जागेवर तपासायची एकही उत्तरपत्रिका शिल्लक नव्हती.

७

घरापर्यंत बसला वीस मिनिटं लागत. जिना त्या धावत चढल्या. दुसऱ्या वळणावर कठडा हलला. तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा छाती फुटायला आली होती.

दाराआडून वाचण्याचा आवाज येत होता.

एकदा एका व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगवर बाईंनी स्वतःचा आवाज ऐकला होता आणि तो त्यांना मुळीच आवडला नव्हता. तोच आवाज. वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरणारा, मुलांना समजावं म्हणून महत्त्वाच्या शब्दाआधी क्षणभर थांबणारा. फक्त त्यात घाई नव्हती. शब्द नीट लागत नव्हते, पण वाचणाऱ्याकडे वेळच वेळ आहे एवढं स्पष्ट कळत होतं. मध्येच आई हसली. आई अशी हसते हे बाई विसरून गेल्या होत्या.

त्यांनी किल्ली घातली, दार उचललं. ते चार बोटं उघडलं आणि साखळीवर अडलं.

वाचन थांबलं. फटीतून खोलीचा एक उभा तुकडा दिसत होता. खुर्चीचा एक हात. त्याच्यापुढे करड्या सुती साडीतले गुडघे, आज सकाळी बाई जी नेसून बाहेर पडल्या तसल्याच साडीतले. मांडीवर उघडं पुस्तक आणि त्यावर पालथे ठेवलेले दोन हात. बाईंचेच हात, तीच वाकडी करंगळी. पण स्वच्छ. बोटांवर, नखांत, कुठे शाईचा ठिपकाही नव्हता. चेहरा दाराच्या कडेमागे होता आणि तो दिसावा म्हणून मान कलती करायचं धैर्य त्यांना झालं नाही.

मग आईची काठी वाजली आणि आई मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, मी आहे. साखळी काढ." बाईंनी फटीतून हात आत घातला. "लवकर काढ."

आईने तो हात दोन्ही हातांत धरला. उचलून नाकाशी नेला आणि हुंगला, सावकाश, एकेक बोट.

"शाई," ती म्हणाली. "म्हणजे तू आहेस."

"हो, मीच. आई, तुझ्यामागे खुर्चीत कोण आहे ते तुला—"

"मला माहीत आहे." आई अगदी हळू बोलत होती, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं. "तू काल म्हणालीस ना, दुपारी आले नव्हते म्हणून. तेव्हाच कळलं. आज तिचा हात हातात घेऊन बघितला. त्याला कसलाच वास नाही."

"मग साखळी का काढलीस? मी एवढं बजावून गेले होते."

"तिने बाहेरून विचारलं, आज बसू का म्हणून." आईने बाईंचा हात सोडला नव्हता. "मला कोणी विचारलं नव्हतं गं."

बाई दारावर कपाळ टेकून रडायला लागल्या. "मी बसते, आई. गठ्ठे संपले. आता रोज बसते, दिवसभर बसते. तू फक्त बाहेर ये. चूक झाली माझी."

"चूक कसली, चिमणे," आई म्हणाली. या नावाने तिने कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती. तिचा अंगठा बाईंच्या बोटांच्या पेरांवरून फिरत होता, लहानपणी झोपवताना फिरायचा तसा. "तुझी कामं असतात. मला कळत नाही का? पण गोष्ट अशा जागी आलीये की आता उठवत नाही."

"ती काय वाचतेय तुला? कुठली गोष्ट?"

आईच्या मागे खुर्ची करकरली, कोणीतरी उठताना करकरते तशी, आणि आईने न वळता एक हात मागे करून, थांब, अशी खूण केली. मग तिने मुलीचा हात हलकेच फटीबाहेर सारला.

"बोटं सांभाळ," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.